पीजेच्या भरावावरून: पाचोरा ते जामनेर

शुक्रवार : मेमूने पाचोरा

पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज. खानदेशात तिचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. सगळ्यांची ती पीजे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुटलीच नाही. आता तिथे ब्रॉडगेज करून रूळ जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलंय. जुना भराव शाबूत आहे तोवर त्याच्या कडेकडेने जाऊन येऊ, असं पाचोऱ्याच्या मित्राने सुचवलं. मोटरसायकल त्याची, पेट्रोल माझं, असा करार झाला.

नाशिकरोडहून इगतपुरी–भुसावळ मेमू पकडली. एक्स्प्रेसने वेळ वाचला असता. पण नांदगाव सोडल्यावरची पिंपरखेड, न्यायडोंगरी, रोहिणी, हिरापूर ही स्टेशनं एक्स्प्रेसमधून दिसत नाहीत, नुसती पिवळी पाटी सटकन मागे जाते. मेमू प्रत्येक ठिकाणी थांबते, आणि कोणत्या गावाला कोण उतरतं ते बघायला मिळतं. न्यायडोंगरीला शाळेच्या गणवेशातली पोरं उतरली. हिरापूरला एक आजीबाई कांद्याच्या रोपांची जुडी डोक्यावर घेऊन उतरल्या आणि फलाटाच्या टोकाने, रूळ ओलांडून, थेट शेतात गेल्या. हे स्टेशन त्यांच्यासाठी बांधाचाच एक भाग असणार.

चाळीसगावला गाडी बराच वेळ उभी राहिली. इथून धुळ्याला १९०० साली फाटा काढला. या स्टेशनजवळच्या घरात केकी मूस राहायचे. टेबलटॉप छायाचित्रणात, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तूंची मांडणी करून फोटो काढण्यात, मोठं नाव मिळवलेला हा माणूस आयुष्याचा बहुतेक काळ घराबाहेर पडला नाही, आणि रात्रीची मेल येऊन जाईपर्यंत दार उघडं ठेवायचा, ही गोष्ट डब्यातल्या शेजाऱ्याने न विचारता सांगितली. चाळीसगावात ती सांगितल्याशिवाय कुणी तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. मूस यांच्या फोटोंबद्दल मात्र त्याला काही सांगता आलं नाही, याचं जरा वाईट वाटलं.

वाघळी, कजगाव, नगरदेवळा, गाळण आणि मग पाचोरा. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे या भागात आली ती १८६० च्या दशकात. नेमकं तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं (१८६१ ते १८६५), तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना आणि खानदेशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळला, पण कपाशी राहिली, रूळ राहिले आणि स्टेशनांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. अडचण होती ती स्टेशनपासून लांब असलेल्या गावांची. शेंदुर्णी, पहूर, जामनेर हा अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचा पट्टा कपाशीचा. पावसाळ्यानंतर काळ्या मातीच्या गाडरस्त्यांवर बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पीजे टाकली गेली ती याच मालासाठी. लाइन खासगी कंपनीची, गाड्या चालवायचं काम जीआयपीकडे. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य लाइनचं साडेपाच फूट. अरुंद लाइनला रूळ हलके चालतात, वळणं आखूड घेता येतात, पूल लहान लागतात, त्यामुळे खर्च कमी. मोबदला पाचोऱ्यात मोजावा लागायचा: छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत जात नाही, तो हमालाच्या पाठीवरून जातो.

संध्याकाळी मित्राने त्याच्या गल्लीतल्या एका ऐंशीच्या पुढच्या हमालबाबांकडे नेलं. त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी दोघांनी पाचोऱ्याच्या यार्डात कपाशीच्या गाठी बदलल्या होत्या. "एका गाठीला चौघं. आकडा मारायचा, उचलायची, फळीवरून न्यायची. गाठ पाठीवर आली की मान वर करता येत नव्हती, तर गाडी कोणती आन् साहेब कोणता, हे आम्ही बुटावरून वळखायचो." आपल्याच बोलण्यावर ते बराच वेळ हसत होते. गाठी ट्रकने जायला लागल्या तसं काम आटलं. १९७२ पासून सरकारच्या एकाधिकार खरेदीने, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायच्या योजनेने, कपाशीची गर्दी खरेदी केंद्रांपुढे नेली, बैलगाड्यांच्या रांगा तिथे लागायला लागल्या. ज्या मालासाठी पीजे टाकली तो माल तिला सोडून गेला आणि उरली माणसं. पीजे खऱ्या अर्थाने लोकांची झाली ती तिच्यात कमाई उरली नाही तेव्हा, असं माझं मत या प्रवासात पक्कं होत गेलं.

रात्री कळण्याची भाकरी आणि भरीत. हिरव्या वांग्यांचा हंगाम, त्यामुळे दुसरं काही विचारायची सोय नव्हती.

शनिवार : वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी

सकाळी थंडीत निघालो. पाचोऱ्याबाहेर पडल्यावर लाइन शेतांमध्ये शिरते आणि रस्ता कधी तिच्या उजवीकडून, कधी डावीकडून जातो. दक्षिणेला अजिंठ्याची रांग धूसर दिसत राहते. त्या रांगेतून निघालेल्या नद्या-नाले उत्तरेला, गिरणा-तापीच्या दिशेने उतरतात, आणि पीजे त्यांना आडवी जाते. म्हणून एवढ्याशा लाइनवर मोऱ्या आणि छोटे पूल फार. एका मोरीखाली उतरून पाहिलं. घडीव काळा दगड, सांधे अजून बंद, खाली शेळ्यांच्या लेंड्यांचा थर आणि भिंतीवर कोळशाने लिहिलेला क्रिकेटचा धावफलक.

वरखेडीला गुरांचा बाजार मोठा. आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस नव्हता, चहा घेऊन पुढे निघालो.

पिंपळगाव हरेश्वरच्या अलीकडे रुळांच्या कडेला जुन्या गँगच्या, म्हणजे रूळ दुरुस्त ठेवणाऱ्या कामगारांच्या टोळीच्या, खोल्यांचे अवशेष आहेत. मागे पडवीचे जोते, एक आटलेला आड आणि कडुलिंब. मित्राने आधीच फोन करून ठेवला होता, त्यामुळे तिथल्या वस्तीवर एक निवृत्त मुकादम आमची वाट पाहत बसले होते. डोक्याला उपरणं, अंगात रेल्वेचा जुना निळा स्वेटर. त्यांचे आजोबा गँगमध्ये, वडील चाबीवाले, ते स्वतः गँगमनचे मुकादम झाले. तीन पिढ्या या एकाच लाइनवर. मी त्यांना प्रवाशांबद्दल विचारत होतो. ते दोनदा ऐकून म्हणाले, "भाऊ, गाडीतल्या लोकांचं गाडीतल्या लोकांना इचारा. आमचं काम गाडी गेल्यावर सुरू व्हायचं."

मग त्यांनी काळ्या मातीवर रूळ कसे टिकवतात ते सांगायला घेतलं, आणि सकाळची दुपार झाली.

ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरून खडी टाका, ती खडी पोटात घेते. जून-जुलैत भराव एका बाजूने बसला की रूळ वाकडे दिसायला लागतात. नजर खाली करून, रुळाला गाल लावून बघितलं की कळतं. मग पहारीने रूळ उचलायचे, बीटरने स्लीपरखाली खडी ठोकायची, पुन्हा बघायचं. "आठ दिवसांनी तिथंच परत. माती ऐकत न्हाई, आपणच ऐकायचं." एप्रिल-मेमध्ये उलटं: लोखंड तापून वाढतं, जोडात फट ठेवली नसेल तर रूळ बाजूला फेकला जातो. चाबीवाल्याने रोज आपली हद्द पायी चालायची, रूळ घट्ट धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर हातोडीने बसवायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे. पावसाळ्यात रात्रीची गस्त वेगळी. हातात दिवा आणि कमरेला फटाक्यांचा डबा. पुढे भराव वाहून गेला असेल तर रुळावर फटाका बांधून मागे फिरायचं. इंजिन त्याच्यावरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर थांबतो.

"बांधायची वेळ आली का कधी?"

"आली ना. त्या राती नाल्याला पूर. गाडीचा दिवा दिसला, फटाका बांधला, आन् मग ध्यानात आलं का आपण पुराच्या त्या अंगाला राह्यलो. सकाळपर्यंत भरावावरच बसून."

गाडी थांबली, पुढे काय झालं, हे विचारल्यावर म्हणाले, "काय होनार? ती थांबली. त्याच्यासाठीच पगार होता."

पगार हा शब्द त्यांच्या बोलण्यात सारखा येत होता, आणि मला या सगळ्या इतिहासातली मोठी गोष्ट तीच वाटते. गँगमधली बहुतेक कुटुंबं भूमिहीन, त्यातली पुष्कळ महारांची. गावात मजुरी हंगामाची, ती धान्यात किंवा उधारीत, आणि वर गावकीची कामं. रेल्वेच्या गँगमध्ये मात्र महिन्याच्या महिन्याला रोख रक्कम. पगारवाटप करणारा बाबू गाडीतून पेटी घेऊन यायचा आणि रुळांच्या कडेला नाव पुकारून पैसे द्यायचा. ज्या गावात नाव पुकारणं म्हणजे कामाला बोलावणं एवढंच होतं, तिथे हे किती मोठं असेल!

तरी रेल्वे काही समतेची शाळा नव्हती. १२–१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपीतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं डॉ. आंबेडकर जिथे म्हणाले ती हीच परिषद. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिलं होतं की अस्पृश्य माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातली कामं करावी लागतात. काल मेमूने मनमाड ओलांडताना मी वडा घ्यायच्या गडबडीत होतो. आज मुकादमबाबांच्या ओट्यावर ते भाषण आठवलं. मी विचारलं, तुमचे आजोबा गेले होते का? ते म्हणाले, माहीत नाही, पण घरात मनमाडचं नाव निघायचं.

बाबासाहेबांचा फोटो आत मधल्या भिंतीवर, आणि त्याच्या खाली रेल्वेच्या पासावर केलेल्या प्रवासांची यादी त्यांच्या पत्नीने तोंडपाठ म्हणून दाखवली: सहा डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, एकदा मुलाच्या नोकरीसाठी दिल्ली. "गावात ज्यांच्या पंधरा एकर जमिनी, त्यांनी मुंबई नव्हती पाह्यली, तेव्हा मी चार दा जाऊन आल्ते," असं त्या माऊलीने ठसक्यात सांगितलं. पोरींची लग्नंही बहुतेक लाइनवरच झाली. पहूरच्या गँगमध्ये एक, बोरविहिरीला एक, नंदुरबारकडे एक. सोयरीक जमवायला गाडीभाडं लागत नव्हतं, आणि मुलगा रेल्वेत आहे म्हटल्यावर बाकी चौकशी थोडक्यात उरकायची.

पीजेबद्दल हळहळणारे लेख मी बरेच वाचलेत. त्यात छोटं इंजिन असतं, टपावरचे प्रवासी असतात, डोंगराची रांग असते. गँग नसते. गाडी ताशी वीस-पंचवीसनेच का जायची याची गंमत प्रत्येकाने लिहिलीय; खालची माती कोण ठोकत होतं, ते कुणाला विचारावंसं वाटलेलं नाही.

दुपारनंतर शेंदुर्णी. खानदेशातलं प्रतिपंढरपूर. त्रिविक्रमाचं दर्शन घेतलं. कार्तिकातला रथ होऊन गेला होता. रथाच्या दिवसांत पीजेला अशी गर्दी व्हायची की डब्यात शिरायला खिडकी वापरावी लागे, असं देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्या स्वतः पिंपळगावहून गाडीने यायच्या, फुलांची पाटी घेऊन. आता रिक्षाचे पैसे फुलांतून निघत नाहीत म्हणून इथेच लेकीकडे राहतात. एसटीपेक्षा पीजेचं भाडं कितीतरी कमी होतं, आणि पाटीचे वेगळे पैसे कुणी मागत नव्हतं. गाडी बंद झाल्याने कुणाचं काय बिघडलं, याचं मला मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर हेच.

शेंदुर्णीत मुक्काम. शेवभाजी इतकी तिखट होती की मित्राने दोनदा दही मागवलं.

रविवार : पहूर, भागदरा, जामनेर

पहूर हे रस्त्यांचं गाव. जळगाव–औरंगाबाद रस्ता इथून जातो, अजिंठ्याची लेणी पंचवीस किलोमीटरच्या आत. लेण्यांच्या खालच्या घळीतून निघालेली वाघूर इथे येईपर्यंत मोठी होते. पुलावरून पाणी पाहत होतो तेव्हा मित्र म्हणाला, लेण्यांना जाणारे एवढे परदेशी लोक इथून गेले, पण पहूरला एक बरं हॉटेल नाही. ते खरं आहे. चौकात भजी उत्तम मिळतात, ही भरपाई.

इथे पीजे हरली ती रस्त्यापुढे. पहूरहून जळगावला थेट एसटी, खासगी गाड्या, काळी-पिवळी. पीजेने जळगावला जायचं तर आधी उलट दिशेला पाचोऱ्याला जा, तिथे गाडी बदला आणि मग मुख्य लाइनने मागे या. नकाशावर एवढा मोठा वळसा कोण घालणार? जामनेर तर जळगावपासून चाळीसेक किलोमीटर. लाइन टाकली तेव्हा कपाशीला मुंबईला जायचं होतं आणि त्यासाठी पाचोरा बरोबर होतं. माणसांना जळगावला जायचं होतं: कोर्टात, कलेक्टर कचेरीत, दवाखान्यात. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण बनलं, म्हणजे पीजे यायच्या आधीच हे ठरून गेलं होतं. लाइन आखणाऱ्यांनी गाठींचा विचार केला, सातबाऱ्याच्या उताऱ्याचा केला नाही.

भागदऱ्याला थांबण्यासारखं काही नव्हतं. पाटीवरचं नाव अर्धं पुसलेलं, पाटीला टेकून एका शेतकऱ्याने ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी ठेवली होती. त्याच्या कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. भाव विचारला, तर त्याने उत्तर न देता आकाशाकडे बोट केलं.

जामनेर कांग नदीवरचं, तालुक्याचं ठिकाण. लाइन इथे येऊन संपते, तेही काही टोलेजंग रीतीने नाही. इंजिन सोडवून दुसऱ्या तोंडाला लावायचं, गार्डने दिवा त्या बाजूला न्यायचा आणि तीच गाडी परत पाचोऱ्याला. स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे आम्ही तासभर बसलो. त्याच्या वडिलांनी टाकलेलं दुकान गाडीच्या दोन वेळांवर चालायचं. गाडी यायच्या आधी भट्टी पेटवायची, गेल्यावर विझवायची. गाडी बंद झाल्यावर गिऱ्हाईक गेलं असेल ना? तर नाही. "आता दिवसभर चालतं. समोर क्लास निघालेत ना." समोर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होती. दारात चपलांचा खच.

मी जरा खट्टू झालो. गाडी गेली की दुकान बसतं, अशी गोष्ट लिहायला सोपी असते.

दुकानात बसलेल्यांमध्ये ब्रॉडगेजवरून वाद पेटला. एकाचं म्हणणं, जमीन गेली तरी चालेल पण मालगाडी आली पाहिजे. केळी, कापूस, मका थेट दिल्लीला जाईल. सावदा, रावेर, निंभोऱ्याची केळी रेल्वेनेच उत्तरेला गेली, तिथल्या शेतकऱ्याला त्याचा फायदा दिसतो. दुसऱ्याचं म्हणणं, ब्रॉडगेज झाल्यावर गाडी पिंपळगावला कशाला थांबेल, छोट्या स्टेशनांना कुलूप लागेल. दोघंही बरोबर असू शकतात. मला दुसऱ्याची धास्ती जास्त खरी वाटते, आणि तरीही कौल द्यायचा तर मी पहिल्याला देईन. ७६२ मिलिमीटरचे रूळ ठेवून त्या फुलवाल्या मावशींची सोय होईल, पण तिच्या नातवाची होणार नाही.

सोमवार : बोदवड

सकाळी मित्र पाचोऱ्याला परत गेला, त्याला कामावर हजर व्हायचं होतं. मी एसटीने बोदवडला. नवी लाइन जायची ती याच बाजूने. बोदवड भुसावळ–नागपूर मार्गावर आहे, म्हणजे तिथे पोचली की पीजे आंधळा फाटा राहणार नाही, मुंबईच्या लाइनवरून निघून नागपूरच्या लाइनला मिळेल. माझ्या मते पीजेची खरी दुरुस्ती ही आहे.

शेजारच्या सीटवर कालच्या अभ्यासिकेतलाच एक मुलगा निघाला. बीए झालेला, रेल्वेच्या ग्रुप डीची तयारी करतोय. पद कोणतं, विचारलं. म्हणाला, ट्रॅक मेंटेनर.

"म्हणजे गँगमन?"

"तेच. पण आता मशीनने पॅकिंग करतात सर, पहिल्यासारखं नाही." मग जरा थांबून, "मशीन जिथे पोचत नाही तिथे आपणच."

त्याच्या अर्जात अडचण एकच होती. मागच्या परीक्षेला त्याला आलेलं केंद्र परराज्यातलं, आणि तिकडे जायला आधी भुसावळ गाठायचं, तिथून रात्रीची गाडी, जनरलच्या डब्यात उभं. लाइन आली तर केंद्र जवळ येईल का, असं त्याने मला विचारलं. लाइनचा आणि केंद्राचा काही संबंध नाही, असं मी सांगितलं. त्याला ते माहीत होतं. बोदवडला उतरल्यावर त्याने भुसावळच्या गाडीची वेळ मोबाइलवर बघितली, चाळीस मिनिटं लेट. आम्ही वडापाव घ्यायला गेलो.